मासे कशानं धरतात?

प्रश्न दोन गुणांचा होता. ‘द फिशरमन कॅचेस फिश विथ अ...’ आणि पुढे चार पर्याय: नेट, हुक, बास्केट, स्टिक. पाचवीच्या शिष्यवृत्तीच्या सरावासाठी मी घरी बसून काढलेली प्रश्नपत्रिका होती ती. आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या, शाळांसाठी आम्ही शिक्षकांनी विषय वाटून घेतले होते, माझ्याकडे इंग्रजी आलं होतं. उत्तरसूचीही माझीच. या प्रश्नाचं उत्तर होतं पर्याय क्रमांक १, नेट.

मालवण तालुक्यातलं, अगदी पुळणीला लागून असलेलं गाव. वर्गाच्या खिडकीतून सुरूची झाडं दिसतात आणि त्यांच्या मागे पाणी. पेपर तपासताना एका मुलाच्या उत्तरपत्रिकेत त्या प्रश्नासमोरचे चारही गोल रंगवलेले दिसले. एका प्रश्नाला एकच गोल, जास्त रंगवले तर गुण जातात, हे मी दोन महिने रोज सांगत होते. हा मुलगा काही मागे पडणारा नव्हता, त्यामुळे मला जास्तच वाईट वाटलं. त्याला टेबलापाशी बोलावून विचारलं, हे काय केलंस?

तो म्हणाला, “बाई, चारय बरोबर आसत.”

मग त्यानं बोटं मोजत सांगितलं. त्याचे वडील तांडेल, म्हणजे होडीवरचे मुख्य, जाळं तर घरातच. रविवारी तो आणि त्याचा चुलतभाऊ जेटीवर गरी घेऊन गरवायला बसतात. पहिल्या पावसात व्हाळातून चढणीचे मासे वर येतात तेव्हा त्याची आजी बांधाच्या तोंडाशी टोपली लावून बसते. राहिली काठी. मी म्हटलं, काठीनं कसा रे मासा धरशील? त्यानं माझ्याकडे आश्चर्यानं पाहिलं. “गरी काठयेकच बांधतत ना, बाई?”

चार इंग्रजी शब्द आणि चारांचेही अर्थ त्याला अचूक ठाऊक होते. पहिला गोल रंगवून दोन गुण मिळवलेल्या एका मुलीला मी नंतर सहज विचारलं, बास्केट म्हणजे काय गं? तिला सांगता आलं नाही. ‘फिश’ आणि ‘नेट’ हे दोन शब्द सरावाच्या पुस्तकात शेजारी शेजारी आले होते, तेवढ्यावर तिचं भागलं होतं.

नियमाप्रमाणे मी त्याला शून्य दिलं. उत्तरपत्रिका हातात आल्यावर तो काही बोलला नाही. नीट घडी घालून दप्तरात ठेवली. मी मात्र त्या दिवसापासून इंग्रजीची प्रश्नपत्रिका काढायला बसले की पेन जरा थांबतंच.

मी मूळची कराडकडची, उसाच्या पट्ट्यातली. २००१ साली शिक्षणसेवक म्हणून इथे आले तेव्हा बांगडा आणि तारली यांतला फरक मला कळत नव्हता. आदल्याच वर्षी, जून २००० पासून, राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं होतं. मी स्वतः इंग्रजी पाचवीत शिकले. माझे वडील आठवीत. वडील भाषांतरातून शिकले होते, एक वाक्य मराठीत, एक इंग्रजीत. गावातल्या निम्म्या लोकांचे बँकेचे अर्ज ते सुरेख इंग्रजीत लिहून देत, पण इंग्रजीत बोललेलं एकही वाक्य त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. मी जरा बोलू शकत होते, तेही वर्गापुरतं. आणि आता सहा वर्षांच्या, घरी मालवणी बोलणाऱ्या आणि शाळेत प्रमाण मराठी नुकती ऐकू लागलेल्या मुलांना मी इंग्रजी शिकवायचं होतं.

भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता. आय फॉर इग्लू. मी सांगितलं, बर्फाचं घर. इथल्या मुलांना बर्फ चांगला ठाऊक असतो. जेटीवर ट्रकमधून लाद्या उतरतात, यंत्रात घालून त्यांचा चुरा होतो, तो मासळीच्या थरांमध्ये पसरतात. बर्फ म्हणजे ओलं, खारट, मासळीच्या वासाचं काहीतरी, जे संध्याकाळपर्यंत टिकलं पाहिजे नाहीतर माल जातो. एका मुलीनं विचारलं, त्या घरातली माणसं त्याच्यात मासे ठेवतात की राहतात? मी हसले नाही, कारण प्रश्न योग्य होता. बर्फाचा तिला माहीत असलेला उपयोग तोच होता.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एक विचार घर करून आहे. इंग्रजीच्या परीक्षेत आपण तीन गोष्टी एकदम तपासतो. शब्द येतो का, वाक्यरचना येते का, आणि ती भाषा ज्या जगातून आली त्या जगाची ओळख आहे का. पहिल्या दोन आपण उघडपणे तपासतो, त्यांना नाव आहे, गुण आहेत. तिसरी गुपचूप तपासली जाते. मुलगा नापास होतो तेव्हा तो कशात नापास झाला हे ना त्याला कळतं ना मला.

शिष्यवृत्ती परीक्षेबद्दल मला तक्रार करायची नाही. २०१६-१७ मध्ये ती चौथी-सातवीवरून पाचवी-आठवीला गेली, पण त्याआधीपासून खेड्यातल्या मुलाला ‘तू हुशार आहेस’ असं सरकारी कागदावर सांगणारी हीच एक परीक्षा होती. आमच्या शाळेच्या व्हरांड्यात गुणवत्ता यादीत आलेल्या मुलांची नावं रंगवलेली आहेत, आणि जत्रेला मुंबईहून आलेले चाकरमानी आपल्या पोरांना ती बोट लावून दाखवतात. दोन पेपर असतात. दुसऱ्या पेपरात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी, मिळून ७५ प्रश्न आणि दीड तास. इंग्रजीचे प्रश्न २५, गुण ५०. हिशेब केला तर एका प्रश्नाला ७२ सेकंद येतात. ७२ सेकंदांत दहा वर्षांच्या मुलानं प्रश्न वाचायचा, चार पर्याय वाचायचे आणि, हे महत्त्वाचं, प्रश्न काढणाऱ्याच्या मनात कोणतं जग आहे ते ओळखायचं. शहाणी मुलं शेवटचं काम लवकर शिकतात. माझा तांडेलाचा मुलगा ते शिकला नव्हता. तो स्वतःच्याच जगातून उत्तर देत होता.

ही गोष्ट आपल्याकडचीच आहे असं मला वाटायचं. मग अमेरिकेतल्या सॅट परीक्षेतला एक प्रश्न वाचनात आला. महाविद्यालयाच्या प्रवेशासाठी तिथली लाखो मुलं ही परीक्षा देतात. तिच्यात शब्दांच्या जोड्या असायच्या. पहिली जोडी दिलेली, धावपटू आणि मॅरेथॉन, तिच्याशी नातं जुळणारी दुसरी जोडी चार-पाच पर्यायांतून निवडायची. बरोबर उत्तर होतं, ‘ओअर्समन’ आणि ‘रेगाटा’. ओअर्समन म्हणजे वल्हं मारणारा, रेगाटा म्हणजे होड्यांची शर्यत. रेगाटा हा शब्द ज्यांच्या घरी बोट क्लबचं सदस्यत्व आहे त्यांच्याच कानावरून गेलेला असणार, म्हणून या प्रश्नावर तिथे पुष्कळ टीका झाली आणि अजूनही उदाहरण म्हणून तोच सांगतात. पुढे २००५ मध्ये जोड्यांचा हा प्रकारच सॅटमधून काढून टाकला.

ते वाचताना मला आमची खाडी दिसत होती. नारळी पौर्णिमेला इथे होड्यांच्या शर्यती लागतात. माझ्या वर्गातल्या पोरांचे काका-मामा त्यांत असतात, मुलं काठावरून घसा बसेपर्यंत ओरडतात. वल्हं पाण्यात किती खोल घालायचं, वारा उलटा असला तर कुठल्या बाजूनं काढायचं, हे त्यांना कोणी शिकवावं लागत नाही. रेगाटा काय असतो ते मालवणी मुलाला बोट क्लबच्या मुलापेक्षा काकणभर जास्तच ठाऊक आहे. शब्द तेवढा ठाऊक नाही. आणि परीक्षेत शब्दच विचारतात.

दुसरी एक गोष्टही अमेरिकेतलीच, पण ती माझ्या जास्त उपयोगी पडली. १९८८ साली डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली या दोघींनी सातवी-आठवीच्या ६४ मुलांचा अभ्यास केला. बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन असलेला एक उतारा मुलांना वाचायला दिला. मग मैदानाची छोटी प्रतिकृती आणि त्यावर बाहुल्या ठेवून, उताऱ्यात जे घडलं ते करून दाखवायला सांगितलं, शब्दांतही सांगायला लावलं. वाचनात कच्ची ठरलेली, पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण बेसबॉल न जाणणाऱ्या मुलांच्या कितीतरी पुढे गेली. ज्यांना आपण ‘वाचता येत नाही’ म्हणत होतो त्यांना ते वाचता आलं, कारण काय घडतंय ते त्यांना आधीच कळत होतं.

मी माझ्या पद्धतीनं ते करून पाहिलं. संशोधन वगैरे काही नाही, सतरा मुलांचा वर्ग आणि दोन उतारे. एक सरावाच्या पुस्तकातला, वाढदिवसाच्या पार्टीचा. केक, मेणबत्त्या, रिबन, रिटर्न गिफ्ट. दुसरा मी लिहिलेला, तेवढ्याच लांबीचा, तेवढ्याच सोप्या वाक्यांचा, रापणीवरचा.

ज्यांनी रापण पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण मीही आधी पाहिली नव्हती. जाळ्याच्या दोराचं एक टोक किनाऱ्यावर माणसं धरून ठेवतात. होडी बाकीचं जाळं सोडत सोडत समुद्रात मोठा अर्धवर्तुळाकार वळसा घेते आणि दुसरं टोक लांबवर किनाऱ्याला आणते. मग दोन्ही बाजूंनी पंधरा-वीस, पंधरा-वीस माणसं दोर ओढायला लागतात. मागे मागे सरकत, पाय रेतीत रुतवून, एका लयीत. ओढणारा दोराच्या शेवटाला पोचला की तो सोडतो, पळत पुढे पाण्यापाशी जातो आणि पुन्हा धरतो. दोन्ही रांगा हळूहळू एकमेकींजवळ येत जातात. शेवटी जाळ्याची पिशवी काठाला लागते तेव्हा आधी आवाज येतो, सड्यावर पाऊस पडल्यासारखा, मग चांदीसारखं काहीतरी उसळताना दिसतं. दोर ओढणाऱ्या प्रत्येकाला वाटा मिळतो. शाळेत येण्याआधी दोर ओढून आलेली मुलं माझ्या वर्गात असायची, त्यांच्या तळहातांवर दोराच्या रेघा असत.

तर त्या उताऱ्यातली वाक्यं साधी होती. ‘दे पुल द रोप. दे वॉक बॅकवर्ड. हू गेट्स अ शेअर?’ बॅकवर्ड आणि शेअर हे दोन्ही शब्द मी मुद्दाम आधी शिकवले नव्हते. जी मुलं वाढदिवसाच्या उताऱ्यापुढे पेन्सिल चावत बसली होती, त्यांनी या उताऱ्यावर भराभर लिहिलं. बॅकवर्डचा अर्थ कसा कळला असं विचारल्यावर एक मुलगी जागेवरून उठली, दोन्ही हातांनी हवेत दोर धरला आणि मागे मागे चालत थेट फळ्यापर्यंत गेली.

त्या दिवशी मी घरी येऊन खूप वेळ गप्प बसले होते. इतकी वर्षं या मुलांच्या प्रगतिपुस्तकात मी ‘इंग्रजी वाचन: सुधारणा आवश्यक’ असं लिहीत आले होते.

पण म्हणून सगळे उतारे रापणीचेच काढावेत असं माझं मत झालं नाही. तसं सुचवणारी माणसं मला भेटतात, स्थानिक संदर्भ घ्या म्हणतात, आणि त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्याबद्दल मी ई. डी. हर्श या अमेरिकन प्राध्यापकांच्या बाजूची आहे. त्यांनी १९८७ मध्ये, शिकलेल्या अमेरिकन माणसाला ठाऊक असतात अशा सुमारे ५००० नावांची, शब्दांची आणि म्हणींची यादी छापली होती. तिच्यावर पुष्कळ वाद झाला. यादी कोणी ठरवायची, हा वाद रास्तच आहे. पण त्यामागचा त्यांचा मुद्दा मला पटतो. श्रीमंत घरातल्या मुलाला हे संदर्भ जेवणाच्या टेबलावर मिळतात, गरीब घरातल्या मुलाला ते शाळेनंच द्यायचे असतात, आणि शाळेनं नाही दिले तर कोणीच देणार नाही. माझा विद्यार्थी उद्या मुंबईला जाईल, मर्चंट नेव्हीत जाईल. तिथे कोणी रेगाटा म्हटलं तर त्यानं गोंधळून मान खाली घालावी हे मला नको आहे. त्याला रेगाटाही आला पाहिजे, इग्लूही आला पाहिजे, वाढदिवसाची पार्टीही कळली पाहिजे. माझं भांडण एवढंच आहे की जे शिकवलं नाही ते तपासू नये, आणि तपासायचंच असेल तर मुलाला ते मिळवायची एक संधी तरी द्यावी.

व्याकरणाची गोष्ट थोडी वेगळी. तिथे सगळ्यांना वाटतं की चूक म्हणजे चूक, त्यात जगाचा काय संबंध? एकदा सातवीला भाषांतराला वाक्य दिलं, ‘माझ्याकडून काच फुटली.’ निम्म्या वर्गानं लिहिलं, ‘ग्लास ब्रोकन फ्रॉम मी.’ मी लाल पेननं ‘फ्रॉम’ खोडून ‘बाय’ करत गेले. आठ-नऊ वह्या तपासून झाल्यावर हात थांबला. ‘मी काच फोडली’ आणि ‘माझ्याकडून काच फुटली’ यांत मराठी माणूस केवढा फरक करतो! पहिल्यात फोडणारा आहे, दुसऱ्यात काच आपली आपण फुटली आहे आणि आपण फक्त बिचारे तिच्याजवळ होतो. हेतू नव्हता, हे मराठी क्रियापदच सांगून टाकतं. इंग्रजीतल्या ‘बाय मी’मध्ये ते येत नाही. मुलांच्या ‘फ्रॉम’मध्ये ते होतं. चुकीच्या इंग्रजीत त्यांनी बरोबर अर्थ नेला होता.

गुण द्यायचे कसे, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. ‘फ्रॉम मी’ला पूर्ण गुण मी देऊ शकत नाही, देऊही नयेत. पण आता मी ती वाक्यं फळ्यावर घेते. आपला ‘वर’ कुठे कुठे जातो ते मुलांना शोधायला लावते. पुस्तक टेबलावर, पंखा डोक्यावर, बोट वेळेवर, आई माझ्यावर रागावली. मराठीत एकच ‘वर’, इंग्रजीत ‘ऑन’, ‘अबव्ह’, पुन्हा ‘ऑन’ आणि शेवटी ‘विथ’. ‘द फॅन इज ऑन माय हेड’ असं लिहिणाऱ्या मुलानं विचार न करता लिहिलेलं नसतं, त्यानं मराठीच्या नियमानं अगदी शिस्तीत विचार केलेला असतो. हे त्याला सांगितलं की त्याचा चेहरा बदलतो. मग ‘अबव्ह’ त्याच्या लक्षात राहतो. नुसतं खोडलेलं कधी लक्षात राहत नाही.

माझी मुलगी दहावीला होती तेव्हा तिच्या इंग्रजीच्या कृतिपत्रिका मी बारकाईनं पाहिल्या. दिलेल्या शब्दातल्या अक्षरांपासून चार शब्द बनवा. शब्दसाखळी पूर्ण करा. कवितेचं रसग्रहण, त्यात कवीचं नाव, यमकांची रचना, अलंकार. शेवटी पाच गुणांना भाषांतर: काही शब्द, दोन वाक्यं आणि एक म्हण किंवा सुविचार. तो पाच गुणांचा शेवटचा तुकडा मला सगळ्यांत जास्त आवडतो, कारण तिथे मुलाला आपली भाषा घेऊन परीक्षेत बसायची मुभा आहे. लेखी ८० गुण, आणि २० तोंडीचे. श्रवण आणि संभाषण. हे २० गुण खरं तर सगळ्यांत किमती. त्यात मूल आणि शिक्षक समोरासमोर बसतात, मूल अडखळलं तर शिक्षक विचारू शकतो की तुला काय म्हणायचं आहे. पण बहुतेक ठिकाणी काय होतं ते आपल्याला माहीत आहे. एका दुपारी रांग लागते, नाव विचारतात, एखादी ओळ वाचून घेतात आणि सरसकट सतरा-अठरा गुण पडतात. मुलाचं नुकसान नको, हा हेतू चांगला असतो. पण त्या मुलाशी इंग्रजीत पाच मिनिटं बोलणारं आयुष्यात कदाचित तेवढं एकच माणूस असतं, आणि तेही न बोलता पुढच्याला हाक मारतं. कोकण विभाग दहावीच्या निकालात दर वर्षी राज्यात पहिला येतो. मला त्याचा अभिमान आहे. त्याच पहिल्या आलेल्या विभागातली मुलं मुंबईच्या कॉलेजात पहिल्या तासाला का गप्प बसतात, हेही मला दिसतं.

‘असर’चं सर्वेक्षण करणारे स्वयंसेवक गावात येऊन गेले तेव्हा मी त्यांच्याबरोबर दोन-तीन घरी फिरले. ‘प्रथम’ नावाची संस्था देशभरातल्या खेड्यांत हे करते. मुलाच्या घरच्या ओट्यावर बसून, एका वेळी एकाच मुलाला, एक कागद दाखवतात. मोठी अक्षरं, छोटी अक्षरं, सोपे शब्द, सोपी वाक्यं. वाक्य वाचता आलं तर पुढे विचारतात, याचा अर्थ तुझ्या भाषेत सांग. बस. घड्याळ नाही, चार पर्याय नाहीत. देशातल्या ग्रामीण भागात पाचवीतली सोपं इंग्रजी वाक्य वाचू शकणारी मुलं २०१६ मध्ये २४.७ टक्के होती, २०२२ मध्ये २४.५ टक्के. आठवीत ४५.३ वरून ४६.७. सहा वर्षं, आणि आकडा जागच्या जागी. शाळेतल्या कुठल्याही निकालपत्रकात असा आकडा दिसणार नाही, कारण तिथे आम्ही वाचलेलं तपासतो, अर्थ क्वचित विचारतो. ओट्यावर बसलेल्या त्या स्वयंसेवकाच्या एका प्रश्नात, ‘तुझ्या भाषेत सांग’ यात, मला माझ्या वर्षभराच्या चाचण्यांपेक्षा जास्त प्रामाणिकपणा दिसला.

आणि मग मला ती बेटावरची शाळा सापडली. इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधल्या समुद्रात आइल ऑफ मॅन नावाचं बेट आहे. तिथेही पिढ्यानपिढ्या मासेमारीच. तिथल्या किंग विल्यम्स कॉलेज या शाळेत १९०५ पासून सामान्यज्ञानाची एक प्रश्नपत्रिका निघते. १८ गट, प्रत्येकात दहा प्रश्न, आणि अत्यंत अवघड. १९५१ पासून ती ‘गार्डियन’ वर्तमानपत्रात छापून येते आणि देशभरातली माणसं ती सोडवत बसतात. पण मला भावली ती तिची जुनी पद्धत. नाताळच्या सुट्टीच्या आधी मुलांनी ती काही तयारी न करता सोडवायची, जवळजवळ काहीच येत नसे. मग प्रश्नपत्रिका घरी न्यायची, सुट्टीभर पुस्तकं धुंडाळायची, आजी-आजोबांना, शेजाऱ्यांना विचारायचं, आणि परत आल्यावर तीच परीक्षा पुन्हा द्यायची. प्रश्नपत्रिकेच्या माथ्यावर लॅटिनमध्ये एक वाक्य असतं. एखादी गोष्ट कुठे सापडेल हे ठाऊक असणं, हाच विद्येचा सर्वांत मोठा भाग, असा त्याचा अर्थ.

त्या वर्षी मी दिवाळीच्या सुट्टीआधी सहावी-सातवीला २० प्रश्नांचा इंग्रजीचा पेपर दिला. काही शब्द त्यांच्या जगातले: वल्हं, शीड, सुकाणू, नांगर, भरती, ओहोटी, रापण. यांना इंग्रजीत काय म्हणतात? काही शब्द बाहेरच्या जगातले: रेगाटा, इग्लू, झायलोफोन, पासपोर्ट. यांचा अर्थ मराठीत किंवा मालवणीत लिहा, जमलं तर चित्र काढा. थोडी वाक्यं, ‘वर’ आणि ‘कडून’ वापरलेली. आणि उत्तराच्या पुढे एक जास्तीचा रकाना आखला: कोणाला विचारलंत? पहिल्या दिवशी पेपर जवळजवळ कोरे आले. मी सांगितलं, हे गुण धरायचे नाहीत, सुट्टीनंतरचे धरायचे.

दिवाळीत मालवणला पर्यटकांची रीघ असते. किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या, स्कूबा, घरोघरी पाहुणे. सुट्टी संपल्यावर पेपर आले तेव्हा मी आधी उत्तरं वाचलीच नाहीत, तो शेवटचा रकाना वाचत बसले. ‘पुण्याचे पाहुणे, त्यांच्याकडे मोठं पुस्तक होतं.’ ‘मामाचा मोबाइल.’ ‘स्कूबाचे सर, ते अंदमानला होते.’ ‘आजीने सांगितलं ओहोटी म्हणजे काय, इंग्लिश ताईने सांगितलं.’ ‘बँकेतले साहेब, पण ते म्हणाले नंतर ये, मग दुसऱ्या दिवशी सांगितलं.’ एका मुलीनं झायलोफोनचं चित्र काढून त्यातल्या प्रत्येक पट्टीला वेगळा रंग दिला होता. मी स्वतः तो कधी पाहिलेला नाही, पण चित्रावरून वाजवता येईल असं वाटलं.

चार गोल रंगवणारा तो मुलगा तेव्हा सातवीत होता. रेगाटापुढे त्यानं लिहिलं होतं, ‘आमच्या खाडीत नारळी पुनवेक होता ती.’ वल्हं, शीड, नांगर, सगळं बरोबर. रापणीपुढे मी माझ्या उत्तरसूचीत रेघ मारून ठेवली होती. माझ्या समजुतीप्रमाणे या शब्दाला इंग्रजी प्रतिशब्द नव्हता, ‘रापण’ तसंच लिहिलं तरी गुण द्यायचे असं मी ठरवलं होतं. त्यानं दोन शब्द लिहिले होते. ‘शोअर सीन’ आणि त्याखाली ‘बीच सीन’. शेवटच्या रकान्यात: ‘फिशरीजचे साहेब, रापणीवर इले तेव्हा.’

मला वाटलं काहीतरी गोंधळ आहे. समुद्रकिनाऱ्याचा देखावा असं काही त्याला कोणी सांगितलं असणार. मधल्या सुट्टीत त्याला विचारलं. तो म्हणाला, देखावा नाय बाई, पर्ससीनातलो सीन. पर्ससीन हा शब्द इथल्या पाच वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतो, मोठ्या जाळ्यांच्या त्या होड्यांवरून किनाऱ्यावर इतकी भांडणं झाली आहेत. वीस वर्षं मीही तो ऐकत होते. त्यातला ‘सीन’ म्हणजे काय, असा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. सीन म्हणजे ओढजाळं, समुद्रात वळसा देऊन टाकायचं. पर्सच्या तोंडासारखं आवळतं ते पर्ससीन, किनाऱ्यावर ओढतात ते शोअर सीन. त्यानं मला ते हातांनी करून दाखवलं, एकदा बटव्याची दोरी ओढल्यासारखं, एकदा दोन्ही बाजूंनी दोर खेचल्यासारखं.

मी घरी जाऊन पडताळून पाहिलं. दुसऱ्या दिवशी पेपर पुढ्यात घेतला तेव्हा तो टेबलापाशी येऊन उभाच होता.

“दोन लिवलंय,” तो म्हणाला. “दोनय चलतत. बरोबर आसा मा, बाई?”

मी ‘शोअर सीन’पुढे खूण केली, आणि त्याखालच्या ‘बीच सीन’पुढेही.